अभिजात वाङ्मय आणि ख्रिस्ती वाचक

इ. स. ३६२ मध्ये रोमन सम्राट ज्युलियन याने शिक्षकांविषयी एक आज्ञा काढली. होमर, हेसिअड आदी कवींनी ज्या देवांना वंदिले त्या देवांवर ज्याची श्रद्धा नाही, त्याने त्या कवींचे काव्य विद्यार्थ्यांना शिकवू नये. मनात एक आणि मुखात दुसरे ठेवून अध्यापन करणे हा अप्रामाणिकपणा होय, असे त्याचे प्रतिपादन होते. ख्रिस्ती शिक्षकांनी हवे तर आपल्या उपासनामंदिरांत जावे आणि मत्तय व लूक यांचे विवरण करीत बसावे, असा उपरोधही त्याने केला. अथेन्समधील प्रोहेरेसिअस आणि रोममधील व्हिक्टोरिनस या दोन नामांकित ख्रिस्ती अध्यापकांनी या आज्ञेपायी आपली अध्यासने सोडली. पुढच्याच वर्षी ज्युलियन रणांगणावर पडला आणि आज्ञाही लयाला गेली. तिने उपस्थित केलेला प्रश्न मात्र गेला नाही. अभिजात ग्रंथ कोणाचा? ज्या श्रद्धेतून तो जन्मला त्या श्रद्धेच्या अनुयायांचा, की ज्या भाषेत तो जन्मला ती भाषा बोलणाऱ्या सर्वांचा?

भारतीय साहित्यांचा अभ्यास करणाऱ्यांना हा प्रश्न दूरचा वाटण्याचे कारण नाही. तो येथे दोन बाजूंनी विचारला जातो. एका बाजूने धर्मनिष्ठ ख्रिस्ती कुटुंबातील वडीलधारे विचारतात : आपल्याला आपला पवित्र ग्रंथ असताना ज्ञानेश्वरी आणि गाथा वाचण्याचे प्रयोजन काय? दुसऱ्या बाजूने, कधी उघडपणे तर कधी सौजन्याच्या आवरणाखाली, सुचविले जाते की ही आमची वाङ्मयसंपत्ती आहे; तुम्ही पाहुणे म्हणून यावे, परंतु वारसदार म्हणून बसू नये. हे दोन प्रश्न विचारणारे एकमेकांचे प्रतिपक्षी आहेत, तथापि त्यांचे गृहीतकृत्य एकच आहे. अभिजात ग्रंथ ही एका पंथाची मालमत्ता आहे, हे दोघांनाही मान्य असते. प्रस्तुत लेखकाला हे गृहीतकृत्यच अमान्य आहे. परंतु ते अमान्य करणाऱ्या ख्रिस्ती विचारवंतांनी अभिजात वाङ्मयाच्या समर्थनार्थ जी उत्तरे आजवर दिली, तीही पुरेशी नाहीत, असे येथे मांडावयाचे आहे.

ही उत्तरे कोणती ते आधी पाहू. तर्तुल्यनचे उत्तर नकाराचे होते. अथेन्सचा जेरुसलेमशी संबंधच काय, अशा आशयाचा त्याचा प्रश्न सुप्रसिद्ध आहे. या प्रश्नाला खरे तर नव्या करारातच उत्तर मिळून चुकले होते. 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायात पौल अथेनैकरांपुढे भाषण करतो तेव्हा तो त्यांच्याच कवींचा आधार घेतो. आणि ज्या अरातसच्या काव्यातील शब्द तो घेतो ते काव्य झ्यूसच्या स्तवनाने आरंभ पावते. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात मिनँडर या नाटककाराची एक ओळ येते. म्हणजे ज्या ग्रंथाच्या रक्षणासाठी परकी काव्ये दूर ठेवावयाची, त्या ग्रंथातच ती काव्ये वस्तीला आलेली आहेत.

नकार टिकण्यासारखा नसल्यामुळे पुढील पिढ्यांनी स्वीकाराची समर्थने शोधली. जेरोमने 'अनुवाद' या पुस्तकातील बंदिवान स्त्रीचा दृष्टांत घेतला : युद्धात हाती आलेल्या परस्त्रीचे केस व नखे कापून, तिची जुनी वस्त्रे उतरवून मग तिला घरात घ्यावे, त्याप्रमाणे परक्या विद्येतील त्याज्य भाग छाटून तिला आपलीशी करावी. ऑगस्टीनने 'निर्गमा'तील कथा घेतली : इस्राएल लोकांनी मिसर देश सोडताना तेथील सोन्यारुप्याची भांडी बरोबर नेली, त्याप्रमाणे तत्त्वज्ञांजवळ जे सत्य असेल ते ख्रिस्ती मनुष्याने त्यांच्याकडून घेऊन योग्य कामी लावावे. कैसरियाचा बेसिल यांहून सौम्य आहे. तरुणांना उद्देशून लिहिलेल्या निबंधात तो मधमाशीचा दाखला देतो. मधमाशी सर्वच फुलांवर बसत नाही आणि ज्यांवर बसते त्यांचेही सर्वस्व नेत नाही. कामापुरते घेते, उरलेले सोडते.

या तिन्ही दृष्टांतांनी युरोपात अभिजात ग्रंथांचे प्राण वाचविले, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे. मठांतून लॅटिन कवींच्या पोथ्यांच्या नकला झाल्या त्या या समर्थनांच्या आश्रयाने. पण दृष्टांत म्हणून त्यांचे परीक्षण केले तर तिघांतही एक समान दोष आढळतो. बंदिवान स्त्री, लुटीचे सोने, फुलातील मध : प्रत्येक ठिकाणी वाचक हा स्वामी आहे आणि ग्रंथ हा माल आहे. आपल्याला काय हवे आहे हे वाचकाला आधीच ठाऊक आहे. ग्रंथाने केवळ पुरवठा करावयाचा आहे. ग्रंथ वाचकाला काही विचारू शकेल, त्याच्या गरजेचेच स्वरूप बदलू शकेल, ही शक्यता या व्यवस्थेत बसत नाही.

विशेष हे की, ज्यांनी हे दृष्टांत दिले त्यांचे स्वतःचे वाचन असे नव्हते. ऑगस्टीन आपल्या आत्मनिवेदनात सांगतो की, एकोणिसाव्या वर्षी सिसेरोचा 'हॉर्टेन्सिअस' हा ग्रंथ वाचल्यावर त्याच्या प्रार्थनाच बदलल्या, त्याच्या इच्छांना निराळी दिशा लागली. सोने उचलून नेणाऱ्याचा हा अनुभव नव्हे. हा शिष्याचा अनुभव आहे. व्हर्जिलच्या काव्यातील डायडोच्या मरणावर आपण बालपणी अश्रू ढाळले याचा तो पुढे स्वतःलाच दोष देतो. तरीही मनुष्याच्या अंतःकरणाचा इतका सूक्ष्म शोध घेण्याची भाषा त्याला मिळाली ती व्हर्जिल आणि सिसेरो यांच्या शाळेतच. जेरोमचीही तीच गत. आपण ख्रिस्ताचे नसून सिसेरोचे आहोत असा ठपका न्यायासनापुढे आपल्यावर ठेवण्यात आला, असे स्वप्न त्याला पडले. ऐहिक ग्रंथ पुन्हा हाती घेणार नाही अशी शपथ त्याने स्वप्नात घेतली. आणि तरीही त्याच्या पुढील लेखनात लॅटिन कवी ठायी ठायी डोकावत राहिले. पुढे रूफिनसने त्याच्यावर शपथभंगाचा आरोप केला तो यामुळेच. जे वाचले ते रक्तात उतरले होते. ते परत करणे त्याच्या हाती उरले नव्हते.

माझे म्हणणे असे की, ख्रिस्ती वाचकाला अभिजात वाङ्मयाचे जे खरे मोल आहे ते लूट, निवड किंवा शुद्धीकरण या शब्दांनी सांगता येत नाही. ते शिष्यत्व या शब्दाने सांगावे लागते. या शिष्यत्वाचे सर्वांत बोलके, आणि सर्वांत अवघड, उदाहरण आपल्या मराठीतच आहे.

थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यास आला आणि १६१९ मध्ये निधन पावेपर्यंत तेथेच राहिला. त्याचे ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथात मराठी भाषेची जी स्तुती आहे ती शालेय पुस्तकांतून इतकी परिचित झाली आहे की तिच्यापलीकडील ग्रंथ बहुधा कोणी वाचीत नाही. या ग्रंथाच्या आरंभीच एक प्रसंग आहे. एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीला विनवितो की, आमची पूर्वीची पुराणे तुम्ही निषिद्ध ठरविली. तर मग त्यांसारखे दुसरे पुराण तुम्ही आम्हांला का करून देत नाही? या विनवणीत ज्युलियनच्या काळचा एक प्रतिध्वनी ऐकू येतो. त्या वेळी अपोलिनारिस नावाच्या पितापुत्रांनी बायबलमधील कथा होमरच्या छंदात आणि ग्रीक नाटकांच्या धर्तीवर रचून ख्रिस्ती मुलांसाठी पर्यायी अभिजात वाङ्मय निर्माण करण्याचा खटाटोप केला होता. आज्ञा गेली, मूळ ग्रंथ पुन्हा हाती आले, आणि ती पर्यायी रचना जणू कधी लिहिलीच गेली नव्हती अशा अवस्थेस पोचली, असे पाचव्या शतकातील इतिहासकार सॉक्रेटिस याने नमूद केले आहे.

गोव्यातील परिस्थिती याच्या उलट होती. तेथे ग्रंथ हिरावून घेणारी सत्ता ख्रिस्ती होती आणि ज्यांचे ग्रंथ हिरावले गेले तेही ख्रिस्ती झालेले होते. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात जेझुइटांनी स्थानिक लोकांची मराठी हस्तलिखिते हस्तगत केली, त्यांतील काही भागांची भाषांतरे करवून घेतली आणि त्यांचा उपयोग खंडनासाठी केला. रामायण-महाभारतातील कथा रोमन लिपीत उतरवून ठेवल्या गेल्या; त्यांची हस्तलिखिते पोर्तुगालमधील ब्रागा येथे आजही आहेत. साष्टी व बारदेश या भागांतील देवळे पाडली गेली. म्हणजे ज्या भूमीत ओवीचे मूळ ग्रंथ जवळ बाळगणे धोक्याचे झाले होते त्याच भूमीत, त्याच संघाच्या एका पाद्रीने, ओवीतच आपले महाकाव्य रचले. ही विसंगती झाकून स्टीफन्सचा गौरव करणे हे त्याच्यावरही अन्याय करणारे आहे.

कारण ख्रिस्तपुराणातील ओवी ही उचललेली वस्तू नाही. श्रोत्यांना सावध करणारी वळणे, मध्येच शंका विचारणारा श्रोता, उपमांच्या मालिका, नमनाची पद्धती आणि स्वर्गासाठी वैकुंठ हा शब्द निःसंकोचपणे योजणारी भाषा हे सर्व पाहिले म्हणजे ध्यानात येते की, हा लेखक पुराणश्रवणाच्या परंपरेत दीर्घकाळ विद्यार्थी म्हणून बसलेला आहे. १५८३ मध्ये भावाला लिहिलेल्या पत्रात येथील भाषांची घडण ग्रीक व लॅटिन यांसारखी असल्याचे त्याने नोंदविले होते. पण भाषेची घडण ओळखणे वेगळे आणि तिच्यात गाणे वेगळे. मिसर देशाचे सोने वितळवून त्याचे दुसरे भांडे करता येते. ओवी वितळविता येत नाही. ती श्वासासारखी शिकावी लागते, आणि शिकविणाऱ्याचा काही भाग शिकणाऱ्यात राहतोच. म्हणूनच येशूची कथा मराठीत सांगावयाची झाली तेव्हा ती पुराण झाली. हा केवळ वेषांतराचा प्रकार नव्हता. त्या कथेला मराठीत घर मिळाले.

येथे एक कटू शक्यता मान्य केली पाहिजे. अपोलिनारिसांची काव्ये लोपली आणि ख्रिस्तपुराण टिकले, याचे एक कारण हेही असेल की गोव्यातील ख्रिस्ती समाजाला मूळ ग्रंथ परत मिळालेच नाहीत. १६८४ मध्ये तर पोर्तुगीज व्हाइसरॉयने लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावे असा हुकूम काढला. अशा काळात हा ग्रंथ श्रद्धावंतांच्या मुखी राहिला, पहिल्या तीनही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नसताना हस्तलिखितांतून जगला, आणि १९०७ मध्ये जे. एल. सल्ढाणा यांनी मंगळूर येथून त्याची आवृत्ती काढली. मराठीभाषक प्रदेशाच्या बाहेर, कोंकणी बोलणाऱ्या आणि कन्नड मुलखात राहणाऱ्या कुटुंबांनी मराठीतील हा ग्रंथ सांभाळला. परंतु पर्यायी ग्रंथाची कसोटी मूळ ग्रंथ शेजारी आल्यावर लागते. आज ज्ञानेश्वरी कोणालाही उघडता येते. आणि ती उघडून झाल्यावर ख्रिस्तपुराण फिके पडत नाही, उलट अधिक समजते, हा माझा अध्यापनातील अनुभव आहे. गुरूची ओळख पटल्यावर शिष्याची उंची नीट मोजता येते.

स्टीफन्स बाहेरून आलेला होता. नारायण वामन टिळक हे आतले होते, आणि म्हणून त्यांचे उदाहरण अधिक उद्बोधक आहे. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांनी तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशा अर्थाचे उद्गार काढल्याचे सर्वश्रुत आहे. हे वाक्य ख्रिस्ती व्यासपीठांवरून वारंवार सांगितले जाते, आणि प्रत्येक वेळी त्याचा अर्थ असा लावला जातो की, पूल ओलांडला म्हणजे त्याचे काम संपले. टिळकांच्या काव्याचा प्रवास मात्र निराळेच सांगतो. ख्रिस्ती झाल्यानंतरच्या वर्षांत ते तुकारामांपासून दूर गेले नाहीत. उत्तरायुष्यात ते अभंगाकडे अधिकाधिक वळले. 'अभंगांजली' ही त्याची साक्ष. १९१७ मध्ये त्यांनी 'देवाचा दरबार' स्थापिला तो मिशनच्या चौकटीबाहेर राहून, भारतीय भक्तीच्या वळणाने ख्रिस्ताची सेवा करता यावी म्हणून. जो मनुष्य पूल ओलांडून पुन्हा पुन्हा त्या पुलावर येऊन उभा राहतो, त्याच्यासाठी तो पूल नसतो. ते त्याचे गाव असते.

टिळकांना तुकारामांकडून काय मिळाले? ख्रिस्ती सिद्धांतांना अनुकूल वचने मिळाली, हे उत्तर मधमाशीच्या दृष्टांतातून येते आणि ते अपुरे आहे. एकोणिसाव्या शतकातील मराठी ख्रिस्ती उपासनेत इंग्रजीवरून उतरविलेल्या गीतांचे प्राबल्य होते. त्या गीतांत कृतज्ञता होती, पश्चात्ताप होता, पण देवाशी भांडण नव्हते. तुकाराम देवाशी भांडतात, त्याला जाब विचारतात, त्याच्या दाराशी धरणे धरतात, त्याने मौन धरले म्हणून त्याला बोल लावतात. आणि हे सारे बायबलला परके आहे काय? स्तोत्रसंहितेत देव का लपला आहे असे विचारणारी स्तोत्रे कितीतरी आहेत. ईयोबाचा ग्रंथ तर देवाला न्यायालयात बोलाविण्याच्या आकांक्षेवर उभा आहे. 'गीतरत्ना'तील विरह आपल्या विराण्या वाचलेल्याला जसा कळेल तसा इतरांस क्वचितच कळेल. हा सर्व वारसा ख्रिस्ती वाचकाजवळ मुळातच होता. परंतु अनुवादित धार्मिकतेने त्यावर एक शिष्टसंमत पडदा ओढला होता. तुकारामांनी तो बाजूला केला.

माझ्या प्रतिपादनाचा हा मध्यबिंदू आहे. परक्या श्रद्धेतून जन्मलेला अभिजात ग्रंथ ख्रिस्ती वाचकाला त्याचाच ग्रंथ नव्याने परत देतो. हे दान तो निवडून घेऊ शकत नाही, कारण ते हाती येईपर्यंत आपल्याजवळ काय नव्हते हेच त्याला ठाऊक नसते. टिळकांची गीते 'उपासना-संगीत' या संग्रहातून आजही मराठी मंडळ्यांत गाइली जातात. गाणाऱ्यांना कदाचित जाणीव नसेल, पण देवाला 'तू' म्हणण्याची जी जवळीक त्यांच्या ओठांवर येते तिचे एक मूळ देहूस आहे. टिळकांनी आरंभिलेले 'ख्रिस्तायन' त्यांच्या मृत्यूने अपुरे राहिले आणि लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेले; दोघांच्याही मृत्यूनंतर, १९३८ मध्ये ते प्रकाशित झाले. त्या ग्रंथाचे नावच सांगते की, ही माणसे कोणत्या शाळेत शिकली होती.

असे शिष्यत्व केवळ मराठीतच घडले असे नाही. कंबनाचे रामायण बालपणापासून आत्मसात केलेल्या एच. ए. कृष्ण पिळ्ळै यांनी बन्यनच्या रूपककथेला तमिळ महाकाव्याचा देह दिला. १८४३ मध्ये ख्रिस्ती झालेल्या मायकेल मधुसूदन दत्तांनी १८६१ मध्ये 'मेघनादवध काव्य' लिहिले, आणि त्यात ना रामायणाची पूजा आहे ना खंडन. एका मोठ्या कवीने दुसऱ्या मोठ्या कवीशी केलेला तो सामना आहे. याच्या उलट टोकाचे उदाहरण बेस्कींचे. 'तेंबावणी'सारखे महाकाव्य रचणाऱ्या या पाद्रीने तिरुक्कुरळची धर्म आणि अर्थ ही दोन प्रकरणे लॅटिनमध्ये नेली. तिसरे, कामविषयक प्रकरण, वगळले. मधमाशीचा दृष्टांत व्यवहारात आणला की काय होते ते येथे दिसते. तीन पुरुषार्थांवर तोललेल्या ग्रंथाचा एक पाय काढून घेतला तर उरलेला ग्रंथ शुद्ध होत नाही, तो लंगडा होतो.

आता सर्वांत गंभीर आक्षेपाकडे वळले पाहिजे. तो तर्तुल्यनचा नाही आणि ज्युलियनचाही नाही; तो पंडिता रमाबाईंचा आहे. त्यांच्याइतके संस्कृत पांडित्य त्यांच्या काळच्या फार थोड्या ख्रिस्ती व्यक्तींजवळ होते. पुराणे सांगत देशभर हिंडणाऱ्या कुटुंबात त्या वाढल्या. कलकत्त्यात १८७८ मध्ये त्यांच्या विद्वत्तेचा सन्मान झाला. आपल्या आत्मनिवेदनात त्यांनी सांगितले आहे की, धर्मशास्त्रे, पुराणे व अर्वाचीन कवी यांत इतर बाबतींत कितीही मतभेद असले तरी स्त्रिया हीन आहेत आणि त्यांना पुरुषांप्रमाणे मोक्षाचा अधिकार नाही याबाबत आपल्याला सर्वत्र एकमत आढळले. शूद्रांची स्थितीही तशीच. १८८३ मध्ये ख्रिस्ती झालेल्या रमाबाईंनी आयुष्याच्या अखेरपर्यंत बायबलच्या मराठी भाषांतराचे काम केले, तेव्हा जुन्या दर्शनांचा वास असलेले शब्द टाळून साध्यासुध्या माणसाला कळेल अशी भाषा घडविण्याचा त्यांचा कटाक्ष होता. ज्या घरात आपल्याला अपमानच मिळाला त्या घराचे भांडे पाण्यालाही नको, अशी ही भूमिका आहे.

हाच प्रश्न अहमदनगर परिसरातील पुष्कळ ख्रिस्ती कुटुंबे आणखी तीव्रतेने विचारू शकतात. त्यांचे पूर्वज महार-मांग समाजांतून आले. ज्या वाङ्मयाच्या श्रवणासाठी देवळाच्या आत बसण्याचीही मुभा पूर्वजांना नव्हती, त्याचे शिष्यत्व आता वंशजांनी पत्करावे, हा उपदेश कोणत्या तोंडाने करावयाचा? मुक्ता साळवे या फुल्यांच्या शाळेतील मांग विद्यार्थिनीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ मध्ये प्रसिद्ध झाला तो 'ज्ञानोदय' या ख्रिस्ती नियतकालिकात, ही गोष्ट विसरता येत नाही. त्या निबंधाला जागा देणारे पान अन्यत्र सहज मिळाले नसते.

या आक्षेपाला उत्तर देण्यापूर्वी त्यातील सत्य पूर्णपणे मान्य केले पाहिजे. अभिजात म्हणजे निर्दोष नव्हे, आणि पवित्र तर नव्हेच. शिष्यत्व म्हणजे दास्यही नव्हे. गुरूशी मतभेद करण्याचा अधिकार शिष्याला असतो, किंबहुना तो शिष्यालाच असतो. रमाबाईंचा नकार हा न वाचणाऱ्याचा नकार नव्हता. पानोपान वाचून, मुखोद्गत करून, मग त्यांनी पाठ फिरविली. वाचनाच्या इतिहासात या नकाराची नोंद एक थोर वाचन म्हणूनच झाली पाहिजे. न वाचता पाठ फिरविणाऱ्यांनी मात्र रमाबाईंच्या पदराआड लपू नये.

दुसरे असे की, अभिजाताची व्याप्ती आपण कोणाकडून ठरवून घेणार? चोखामेळा देवळाच्या दाराबाहेर उभे राहून जे बोलले तेही अभिजातच आहे. दासीपण जगलेल्या जनाबाईंची ओवीही अभिजातच आहे. ज्या परंपरेने दार लावले त्याच परंपरेत दाराबाहेरचा आवाजही जतन झाला आहे, आणि तो ऐकण्याचा पहिला हक्क ज्यांच्या पूर्वजांनी तो अनुभवला त्यांचा आहे. तिसरी गोष्ट भाषेची. वस्ती नसलेला शब्द कोणत्याच भाषेत सापडत नाही. देव, कृपा, पाप, तारण, भक्ती, प्रार्थना यांपैकी एकही शब्द ख्रिस्ती मनुष्याने कोरा घेतलेला नाही. योहानाने शुभवर्तमानाच्या आरंभी जो 'लोगोस' शब्द ठेवला त्यालाही ग्रीक तत्त्वज्ञांच्या घराचा इतिहास होता, आणि योहानाने तो शब्द टाळला नाही. शब्दाचे पूर्वायुष्य ठाऊक असलेला लेखक त्याला नवे आयुष्य देऊ शकतो. ते ठाऊक नसलेल्याच्या हातून जुने आयुष्यच नकळत बोलत राहते. रमाबाईंच्या साधेपणामागे प्रचंड ज्ञान होते. त्यांच्यानंतरच्यांनी साधेपणा उचलला आणि ज्ञान सोडून दिले, तर उरेल ती केवळ दरिद्री भाषा.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्याचा आनंद रास्तच होता. परंतु दर्जाबरोबर हा प्रश्नही आला पाहिजे की, या अभिजात वारशाचे वारस कोण? विद्यापीठांतील आपली व्यवहारपद्धती या प्रश्नाचे उत्तर नकळत देऊन टाकते. संतवाङ्मय एका प्रकरणात, ख्रिस्ती मराठी वाङ्मय दुसऱ्या प्रकरणात, आणि ते दुसरे प्रकरण परीक्षेच्या दृष्टीने गौण. या विभागणीने ज्युलियनची आज्ञा अभ्यासक्रमाच्या रूपाने अमलात राहते. माझी सूचना साधी आहे. ज्ञानेश्वरीचा बारावा अध्याय, ख्रिस्तपुराणाचा पहिला अवस्वरू, चोखामेळा आणि तुकाराम यांचे निवडक अभंग, टिळकांची 'अभंगांजली' आणि रमाबाईंच्या भाषांतरातील काही स्तोत्रे हे सर्व एकाच अभ्यासपत्रिकेत, शेजारी शेजारी ठेवावे. आणि ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या विद्यालयांत या ग्रंथांतील सुभाषिते न देता सबंध ग्रंथ द्यावेत, आपल्याला न पटणाऱ्या भागांसह. न पटणाऱ्या पानाशी थांबणे हाच वाचनाचा अर्धा लाभ आहे.

शेवटी एका कवीची आठवण होते. दान्तेने परलोकाच्या प्रवासात आपला वाटाड्या म्हणून व्हर्जिलला निवडले. आणि त्या ख्रिस्तपूर्व कवीला स्वर्गाच्या उंबरठ्यापर्यंत आणून तेथून परत जावयास लावले. आपल्या धर्मशास्त्राची मर्यादा दान्तेने मोडली नाही. पण गुरू दिसेनासा होताच तो रडतो, आणि समोर बिआट्रिस उभी असतानाही ते अश्रू तो आपल्या काव्यातून पुसून टाकीत नाही. सिद्धांत आणि कृतज्ञता यांचा मेळ बसला नाही, तरी दोन्हींपैकी एकालाही खोटे पाडावयाचे नाही, हा प्रामाणिकपणा त्याने पाळला. मराठी ख्रिस्ती वाचकाने ज्ञानेश्वर-तुकारामांपुढे बसताना याहून अधिक काही करण्याची गरज नाही. याहून कमी केलेले मात्र चालणार नाही.